मताचें वजन

सन १८५८ मध्यें अमेरिकेच्या इलिनॉय राज्यांत अब्राहाम लिंकन व स्टीफन डग्लस या दोन पुढाऱ्यांमध्यें जे सात जाहीर वाद झाले, त्यांची हकीकत आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. गुलामगिरी नव्या मुलुखांत पसरूं द्यावी कीं नाहीं, या प्रश्नावर झालेल्या या वादांनीं लिंकन यांचें नांव देशभर नेलें. परंतु हे वाद सातच कां झाले, पांच किंवा दहा कां झाले नाहींत, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर अगदीं व्यवहारी आहे. अमेरिकेच्या कॉंग्रेसमध्यें प्रतिनिधि पाठविण्यासाठीं त्या काळीं इलिनॉयचे नऊ मतदारसंघ पाडलेले होते. त्यांपैकीं शिकागो व स्प्रिंगफील्ड येथें दोघांचीं भाषणें आधींच होऊन गेलीं होतीं. तेव्हां उरलेल्या सात मतदारसंघांत एकेक सभा घ्यावी असें ठरलें, आणि ऑगस्टांत ओटावा येथें सुरू झालेला हा क्रम ऑक्टोबरांत ऑल्टन येथें संपला.

हे वाद ज्या जागेसाठीं झाले, ती जागा सेनेटरची होती. त्या काळीं सेनेटर थेट लोकांच्या मतांनीं निवडला जात नसे. राज्याचें कायदेमंडळ त्याची निवड करी. कायदेमंडळाच्या निवडणुकींत लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षास एकंदर मतें किंचित् अधिक पडलीं. तरीही कायदेमंडळांत डग्लस यांस ५४ व लिंकन यांस ४६ अशीं मतें मिळून डग्लस विजयी झाले. कांहीं सभासद आधींच्या निवडणुकींतून आलेले होते, हें याचें एक कारण. दुसरें कारण असें कीं, कायदेमंडळाच्या जागा जुन्या खानेसुमारीवरून वांटलेल्या होत्या. राज्याचा उत्तर भाग नव्या वस्तीनें झपाट्यानें भरत होता, पण नकाशाला त्याची खबर नव्हती. उत्तरेकडील मतदाराचें मत दक्षिणेकडील मतदाराच्या मतापेक्षां हलकें भरलें.

मत मोजतां येतें हें सर्वांस ठाऊक आहे. त्याला वजनही असतें, आणि तें वजन मतपेटी उघडण्यापूर्वीं, नकाशावर रेघ ओढतांनाच पुष्कळसें ठरून जातें, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानांत येते. इलिनॉयमधील मतदारसंघांची कथा आम्ही येथें सांगणार आहों, ती एवढ्याचसाठीं.

प्रथम या व्यवस्थेचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. अमेरिकेची कॉंग्रेस म्हणजे तेथील संसद. आपल्याकडील त्याच नांवाच्या पक्षाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. तिचीं दोन सभागृहें आहेत. सेनेटमध्यें प्रत्येक राज्याचे दोन सभासद बसतात, मग तें राज्य लहान असो वा मोठें. प्रतिनिधिगृहांत मात्र लोकसंख्येच्या मानानें जागा मिळतात. दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होते आणि तिच्या आधारें कोणत्या राज्यास किती जागा द्यावयाच्या हें ठरतें. १९११ च्या कायद्यापासून या गृहाची सभासदसंख्या ४३५ ही जवळजवळ कायम झालेली आहे. त्यामुळें एका राज्यास जागा वाढली कीं दुसऱ्याची कमी होते. राज्याच्या वांट्यास आलेल्या जागांसाठीं मतदारसंघ पाडण्याचें काम बहुतेक ठिकाणीं राज्याचें कायदेमंडळच करतें. एका मतदारसंघांतून एकच प्रतिनिधि निवडावा, हा दंडक १८४२ च्या कायद्यानें घातला.

सगळ्या घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. कायदेमंडळांत बसणारे लोक कोणत्या तरी पक्षाचे असतात, आणि कोणत्या गांवांत आपल्या पक्षाचें बळ किती, हें त्यांस पाठ असतें. १८१२ सालीं मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनीं मतदारसंघांच्या अशाच एका वांकड्यातिकड्या वांटणीवर सही केली. त्यांतील एक मतदारसंघ नकाशावर सॅलमॅंडर नांवाच्या सरड्यासारख्या प्राण्याप्रमाणें दिसूं लागला, म्हणून लोकांनीं गेरी व सॅलमॅंडर हे दोन शब्द जोडून ‘गेरीमॅंडर’ असा नवा शब्द पाडला. तो इंग्रजी भाषेंत आजतागायत टिकून आहे, यावरून रोगाचें वय समजतें.

मतदारसंघाची रेघ माणसाचें नशीब कसें घडविते, याचें उदाहरण स्वतः लिंकन हेच आहेत. १८४६ सालीं ते कॉंग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठीं उभे राहिले. इलिनॉयच्या तेव्हांच्या सात मतदारसंघांपैकीं स्प्रिंगफील्डच्या भोंवतालचा सातवा मतदारसंघ तेवढा व्हिग पक्षाच्या हमखास हातचा होता. त्यामुळें खरी चुरस पक्षाबाहेर नव्हतीच. ती पक्षांतल्या पक्षांत, उमेदवारी कोणास मिळावी याबद्दल होती. हार्डिन, बेकर व लिंकन या तिघांनीं ती जागा जणूं पाळीपाळीनें भोगली. लिंकन यांची पाळी आली तेव्हां त्यांच्यासमोर पीटर कार्टराइट नांवाचे नामांकित मेथॉडिस्ट धर्मोपदेशक उभे होते. लिंकन यांस ६,३४० व कार्टराइट यांस ४,८२९ मतें पडलीं. ज्या माणसानें पुढें गुलामगिरीचा अंत केला, त्यास कॉंग्रेसचें दार प्रथम उघडलें तें एका सोयीच्या मतदारसंघानें. आणि बारा वर्षांनीं सेनेटचें दार बंद झालें त्यांतही शिळ्या नकाशाचा हात होता.

आतां आम्ही या कथेच्या मुख्य भागाकडे येतों. १९०१ सालीं इलिनॉयच्या कायदेमंडळानें राज्याचे पंचवीस मतदारसंघ पाडले. त्यानंतर १९१०, १९२०, १९३० व १९४० अशा चार खानेसुमाऱ्या झाल्या, पण मतदारसंघांची रेघ तसूभरही हलली नाहीं. या अवधींत राज्याचें रूप मात्र पार पालटलें. १९०० सालीं राज्याची लोकसंख्या ४८,२१,५५० होती, ती १९४० सालीं ७८,९७,२४१ झाली. शिकागो शहर १६,९८,५७५ वरून ३३,९६,८०८ वर गेलें, म्हणजे जवळजवळ दुप्पट झालें. कत्तलखाने, पोलादाचे कारखाने व आगगाडीचे फांटे यांनीं युरोपांतील व दक्षिणेकडील मजुरांना तेथें ओढून आणलें. १९४० सालीं शिकागो ज्या कुक जिल्ह्यांत आहे, त्या एका जिल्ह्यांत राज्याची अर्ध्याहून अधिक वस्ती राहत होती. पण १९०१ च्या नकाशांत त्याच्या वांट्यास आलेल्या जागा निम्म्याहून पुष्कळच कमी होत्या.

कायदेमंडळ हालचाल कां करीत नव्हतें, हें सांगण्यास मोठ्या संशोधनाची जरूर नाहीं. कायदेमंडळाचे स्वतःचे मतदारसंघही १९०१ सालींच गोठलेले होते. राज्याच्या खेड्यापाड्यांतील प्रतिनिधींचें त्यांत प्राबल्य होतें. शिकागो म्हणजे दारू, गुंडगिरी, परकी बोली व पक्षांचे दलाल, असा त्यांचा समज. त्या शहराच्या हातीं अधिक सत्ता देणारा नकाशा स्वतःच्या हातानें आंखावयाचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणें. म्हणून त्यांनीं कांहींच केलें नाहीं. अन्याय करण्यासाठीं नेहमीं कांहीं तरी करावेंच लागतें असें नाहीं. घड्याळाला किल्ली न देतां स्वस्थ बसलें तरी वेळ चुकते. आणि येथें वर्षानुवर्षें कोणी किल्ली दिली नाहीं. वॉशिंग्टनकडूनही दाद मिळण्याची आशा नव्हती. १९२० च्या खानेसुमारीनंतर खुद्द कॉंग्रेसनेंच राज्याराज्यांत जागांची फेरवांटणी केली नाहीं. मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तों समान असावी, अशी १९११ च्या कायद्यांतील अट १९२९ च्या नव्या कायद्यांत राहिली नाहीं. आणि १९३२ सालीं मिसिसिपी राज्याच्या एका खटल्यांत ती अट संपुष्टांत आल्याचें सुप्रीम कोर्टानेंही सांगून टाकलें.

या स्थितींतून एक विचित्र गोष्ट उद्भवली. १९१० च्या खानेसुमारीनंतर इलिनॉयच्या वांट्यास सत्तावीस जागा आल्या, पण मतदारसंघ पंचवीसच राहिले. मग उरलेले दोन प्रतिनिधि सबंध राज्यानें मिळून निवडावे, अशी तोड निघाली. १९४० नंतर जागा सव्वीस झाल्या, तेव्हां असा एकच प्रतिनिधि उरला. या सर्व राज्याच्या जागांवरून तीन स्त्रिया कॉंग्रेसमध्यें गेल्या: १९२२ सालीं वडिलांच्या मृत्यूनें रिकाम्या झालेल्या जागीं विनिफ्रेड मेसन हक, १९२८ सालीं रूथ हॅना मॅकॉर्मिक आणि १९४४ सालीं एमिली टॅफ्ट डग्लस. जुन्या मतदारसंघांच्या जागा जुन्या पुढाऱ्यांनीं अडवून ठेवलेल्या असतां हें आगंतुक दार त्यांच्या उपयोगीं पडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरी गोष्ट याहूनही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. रेघा स्थिर राहिल्या तरी माणसें स्थिर राहत नाहींत. दक्षिणेकडील राज्यांतील जुलमास कंटाळून निघालेले नीग्रो लोक पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून शिकागोच्या दक्षिण भागांत येऊन दाटीवाटीनें राहूं लागले. १९१० सालीं त्या शहरांत त्यांची संख्या ४४,१०३ होती. १९३० सालीं ती २,३३,९०३ झाली. त्यांची मुख्य वस्ती पहिल्या मतदारसंघांत पडत होती. १९०५ पासून तेथून निवडून येणारे मार्टिन मॅडन हे १९२८ सालीं ऐन निवडणुकीच्या वर्षीं वारले, आणि त्यांच्या जागीं रिपब्लिकन पक्षानें ऑस्कर डी प्रीस्ट यांस उभें केलें. त्यांचे आईबाप गुलामगिरींत जन्म काढलेले. १९०१ पासून कॉंग्रेसमध्यें एकही नीग्रो सभासद नव्हता. तो अठ्ठावीस वर्षांचा खंड डी प्रीस्ट यांनीं संपविला. १९३४ सालीं आर्थर मिचेल यांनीं त्यांचा पराभव केला. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे कॉंग्रेसमध्यें गेलेले ते पहिले नीग्रो सभासद होत. ज्यांनीं १९०१ सालीं ही रेघ ओढली, त्यांच्या स्वप्नांतही असा प्रतिनिधि आला नसेल.

तथापि असे सुदैवी अपवाद दाखवून मूळ अन्याय झांकतां येत नाहीं. १९४० च्या खानेसुमारीप्रमाणें इलिनॉयच्या सर्वांत लहान मतदारसंघांत १,१२,११६ लोक होते आणि सर्वांत मोठ्यांत ९,१४,०५३. दोहोंचा प्रतिनिधि एकच. म्हणजे लहान मतदारसंघांतील एका माणसाच्या मताबरोबर तोलण्यास मोठ्या मतदारसंघांतील आठांहून अधिक माणसांचीं मतें तागडींत घालावीं लागत. अखेर अशा फुगलेल्या मतदारसंघांतील तीन मतदार न्यायालयांत गेले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील राज्यशास्त्राचे अध्यापक केनेथ कोलग्रोव्ह हे त्यांतील एक; प्रतिवादी होते राज्याचे गव्हर्नर ड्वाइट ग्रीन. या मतदारसंघांवरून निवडणूक घेऊं नये, असें वादींचें मागणें होतें. तें मान्य झालें असतें तर सर्वच प्रतिनिधि सबंध राज्यानें मिळून निवडण्याची पाळी आली असती.

१० जून १९४६ रोजीं सुप्रीम कोर्टानें निकाल दिला. त्या वेळीं नवांपैकीं सातच न्यायाधीश बसले होते. सरन्यायाधीश स्टोन एप्रिलांत वारले होते आणि न्यायमूर्ति जॅक्सन न्यूरेंबर्ग येथें नाझी पुढाऱ्यांवरील खटला चालविण्यांत गुंतले होते. सातांत तिघे एका बाजूस, तिघे दुसऱ्या बाजूस आणि एक मध्यें, असा प्रकार झाला. न्यायमूर्ति फ्रॅंकफर्टर यांचें म्हणणें असें कीं, हें राजकारणाचें काटेरी रान आहे, त्यांत न्यायालयानें शिरूं नये. दाद मागावयाची ती कायदेमंडळाकडे किंवा कॉंग्रेसकडे मागावी. न्यायमूर्ति रटलेज यांस न्यायालयाचा अधिकार नाहीं असें वाटत नव्हतें. परंतु निवडणूक तोंडावर आलेली असतां असा उपाय योजला तर तो रोगापेक्षांही जालीम ठरेल, अशी भीति त्यांस वाटली. न्यायमूर्ति ब्लॅक यांनीं विरोधी मत नोंदविलें व त्यास डग्लस आणि मर्फी यांनीं दुजोरा दिला. मत देण्याचा हक्क राज्यघटनेनें दिला असेल, तर तें मत परिणामकारक असण्याचा हक्कही त्यांतच आला, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. रटलेज यांचें मत फ्रॅंकफर्टर यांच्या बाजूस पडून दावा फेंटाळला गेला.

फ्रॅंकफर्टर यांस अन्याय दिसत नव्हता असें नाहीं. न्यायाधीश पक्षांच्या भांडणांत पडले म्हणजे त्यांच्या निःपक्षपाताची साख जाते, ही त्यांची भीति खोटी नव्हती, आणि ती हंसण्यावारी नेणें योग्यही नाहीं. परंतु त्यांनीं सुचविलेला मार्ग खुला कोठें होता? कायदेमंडळाकडे जावें तर तेंच शिळ्या नकाशावर निवडलेलें. लोकमत जागृत करावें तर लोकांचें मतच हलकें केलेलें. ज्याचें वजन काढून घेतलें, त्यालाच दुसरें पारडें उचलावयास सांगणें हा न्याय खरा, पण तो पुस्तकी न्याय.

त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत निवडणूक झाली ती जुन्याच नकाशावर. परंतु जें सव्वीस वर्षांच्या वयाच्या मतदाराला जन्मापासून कधीं पाहावयास मिळालें नव्हतें, तें पुढल्या वर्षीं घडलें: १९४७ सालीं इलिनॉयच्या कायदेमंडळानें सव्वीस मतदारसंघांचा नवा नकाशा तयार केला. दावा हरला, तरी ज्या आंकड्यांकडे कोणी पाहत नव्हतें ते चव्हाट्यावर आले होते.

इतर राज्यांत हें दुखणें तसेंच राहिलें. १९६२ सालीं टेनेसी राज्याच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें आपलें धोरण बदललें व अशा तक्रारी ऐकण्याचा अधिकार आपणांस आहे असें ठरविलें. फ्रॅंकफर्टर यांनीं त्या निकालास कसून विरोध केला. त्याच वर्षीं प्रकृति ढांसळल्यामुळें ते निवृत्त झाले. १९६४ सालीं जॉर्जिया राज्याचा खटला आला. तेथें अटलांटाच्या मतदारसंघांत ८,२३,६८० लोक होते आणि सर्वांत लहान मतदारसंघांत २,७२,१५४. एका मतदाराच्या मताचें मोल शक्य तितकें दुसऱ्याच्या मताएवढेंच असलें पाहिजे, असा निर्णय कोर्टानें दिला, आणि तो निर्णय लिहिणारे न्यायाधीश होते ह्यूगो ब्लॅक. इलिनॉयच्या खटल्यांत अल्पमतांत राहिलेला विचार अठरा वर्षांनीं देशाचा कायदा झाला.

त्याच १९६४ सालीं इलिनॉयनें आणखी एक धडा घालून दिला. राज्याच्या कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ वेळेवर ठरले नाहींत, म्हणून त्या गृहाचे सर्व १७७ सभासद सबंध राज्यानें मिळून निवडावे लागले. दोन्ही पक्षांचे मिळून २३६ उमेदवार. मतपत्रिका तेहतीस इंच लांबीची झाली, आणि लोकांनीं तिला ‘पलंगपोस’ असें नांव ठेवलें. नकाशा न आंखण्याची सोय कायदेकारांस किती महाग पडते, हें त्या पत्रिकेनें दाखविलें.

येथें कथा संपती तर ती सुखान्त म्हटली असती. परंतु डोकीं सारखीं मोजलीं म्हणजे रेघ सरळ होते असें नाहीं. १९९० च्या खानेसुमारीनंतर शिकागोंत चौथा मतदारसंघ निघाला, तो नकाशावर थंडींत कान झांकण्याच्या जोडपट्टीसारखा दिसे. शहरांतील स्पॅनिश भाषिकांच्या दोन दूरदूरच्या वस्त्या एका अरुंद पट्टीनें जोडलेल्या होत्या. हेतु असा कीं, त्या समाजास आपला एक प्रतिनिधि निवडतां यावा. आणि १९९२ सालीं तेथून लुइस गुतिएरेझ निवडून आलेही. रेघ वांकडी, पण हेतु सरळ, असें येथें म्हणतां येतें. २०२१ च्या नकाशाविषयीं असें म्हणणें कठीण आहे. त्या वेळीं इलिनॉयचें कायदेमंडळ डेमोक्रॅटिक पक्षाच्या हातीं होतें. त्यांनीं तेरावा मतदारसंघ ईस्ट सेंट लुइसपासून स्प्रिंगफील्ड व डिकेटरवरून शॅम्पेन-अर्बानापर्यंत एखाद्या लांब ओढलेल्या दोरीसारखा नेला. लिंकन यांचें गांव त्या दोरींतील एक गांठ झालें. २०२४ सालीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत त्या पक्षास राज्यांत शेंकडा ५४ च्या सुमारास मतें पडलीं, पण प्रतिनिधिगृहाच्या सतरा जागांपैकीं चौदा त्यास मिळाल्या. सर्व मतदारसंघांची लोकसंख्या मात्र कांट्याच्या तोलानें समान होती.

न्यायालय यावर काय म्हणतें? २०१९ सालीं नॉर्थ कॅरोलायना व मेरीलॅंड येथील खटल्यांत, पांच विरुद्ध चार मतांनीं, सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, पक्षहितासाठीं केलेली रेखाटणी फेडरल न्यायालयांनीं तपासूं नये. पहिल्या खटल्यांत रिपब्लिकनांचा नकाशा होता, दुसऱ्यांत डेमोक्रॅटांचा. फ्रॅंकफर्टर यांचें काटेरी रान पुनः समोर उभें राहिलें. संख्या मोजण्यास गणित पुरतें. हेतु मोजण्यास कोणतें माप लावावें, हा प्रश्न सुटलेला नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत तर खानेसुमारीची वाटही न पाहतां टेक्सासच्या रिपब्लिकन पक्षानें नवा नकाशा पुढें आणला, आणि सभेची गणसंख्या मोडण्यासाठीं तेथील डेमोक्रॅटिक सभासद राज्य सोडून निघाले, ते बहुतेक इलिनॉयमध्यें आश्रयास आले. रेघेच्या अन्यायाविरुद्ध तक्रार करण्यास त्यांस नेमकें इलिनॉयच सांपडावें, यांतील विनोद अमेरिकेंतील पुष्कळांच्या नजरेस आला.

दोन्ही पक्ष सारखेच दोषी म्हणून हात झटकून मोकळें होणें सोपें आहे. पण त्यानें मतदाराचें वजन भरून येत नाहीं. या दीड शतकाच्या इतिहासावरून आम्हांस एवढें दिसतें कीं, ज्यांच्या खुर्च्या नकाशावर टेकलेल्या आहेत, त्यांच्याच हातीं नकाशाची लेखणी राहिली, तर ते कधीं ती उचलीत नाहींत आणि कधीं नको तितकी चालवितात. दोन्हींचें फळ एकच. १९०१ ते १९४७ हा पहिला प्रकार झाला, २०२१ हा दुसरा. म्हणून निवडणुकीचा निकाल वाचतांना कोणास किती मतें पडलीं याबरोबरच मतदारसंघ कोणीं, केव्हां व कोणत्या गणतीवरून आंखले, हेंही विचारण्याची संवय नागरिकांनीं लावून घेतली पाहिजे. कोलग्रोव्ह आणि त्यांचे दोन सोबती यांनीं हाच प्रश्न विचारला होता. त्यांस न्यायालयांत उत्तर मिळालें नाहीं, पण प्रश्न विचारला गेल्यावर नकाशा मात्र फार दिवस जागच्या जागीं राहूं शकला नाहीं.